चुकीचे वाचन

आमच्या महाविद्यालयात मराठी विभाग आणि मानसशास्त्र विभाग एकाच व्हरांड्यात आहेत. मध्ये एक जिना आणि पिण्याच्या पाण्याची टाकी. सतरा-अठरा वर्षे आम्ही त्या टाकीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. पलीकडच्या दारातून आत जाण्याचे कारण कधी पडले नाही. (आम्ही म्हणजे मराठी विभागातले दोघे अध्यापक. एक व्याकरण आणि भाषाविज्ञान शिकवतो, दुसरी कथा-कादंबरी. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे एकमत झाले नाही तिथे तसे सांगितले आहे.)

कारण पडले ते तीन वर्षांपूर्वी. मानसशास्त्राच्या विभागप्रमुख बाई एक जाडजूड फाईल घेऊन आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "यांचं मराठी तेवढं बघून द्या." 'यांचं' म्हणजे एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या अकरा विद्यार्थ्यांचे. त्यांनी शालेय समुपदेशन हा विषय घेतला होता. बुधवारी आणि शनिवारी सकाळी ते गावातल्या दोन शाळांत जात, मुलांशी बोलत, चाचण्या घेत, आणि प्रत्येक मुलामागे दोन अहवाल लिहीत: विभागासाठी इंग्रजीत सविस्तर आणि पालकांसाठी मराठीत एक पान. अडचण त्या एका पानाची होती. पहिलेच पान उघडले तर त्यात लिहिले होते, 'पाल्यामध्ये अवधानविषयक तुटीची लक्षणे परिलक्षित होत असून भावनिक नियमनाच्या कौशल्यांचा अभाव आढळतो.' पाल्य दुसरीतला होता आणि त्याची आई केळीच्या बागेत मजुरीला जाणारी होती. ते पान तिला शेजारच्या मुलीने वाचून दाखवले, तेव्हा तिने फक्त एकच विचारले म्हणे, की हे औषधाने बरे होते का.

पहिले दोन आठवडे आम्ही ह्रस्व-दीर्घ दुरुस्त केले. आमचा धंदाच तो. मग बाईंनी विचारले, शनिवारी दुपारी केस कॉन्फरन्स असते, तिथे येऊन बसाल का? एका सत्रापुरते म्हणून गेलो आणि तीन वर्षे बसलो.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ ही स्वतंत्र पदवी आणि स्वतंत्र परवाना असलेली वृत्ती आहे. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे पदवीनंतर किमान ६० श्रेयांकांचे शिक्षण आणि १२०० तासांची इंटर्नशिप लागते, आणि त्यातले निदान ६०० तास प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. आपल्याकडे हेच काम करणारी माणसे बहुतेक एम. ए. होऊन 'समुपदेशक' या नावाने शाळेत लागतात. आमच्या अकरांपैकी एकीला एका शाळेने नेमणूक देऊ केली ती आठवड्याला मूल्यशिक्षणाचे बारा तास आणि गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळण्याच्या बोलीवर. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले. त्या शनिवारी वर्गात पेढे वाटले गेले. बाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "आता खोली मागा. दाराला कडी असलेली."

समुपदेशक हा शब्द आमच्या पहिल्याच बैठकीत अडला. एका मुलाने, गंमत म्हणून की खरोखरच, विचारले, "सर, पहिल्या सत्रापासून आम्हाला सांगतात की उपदेश करायचा नाही. मग नावातच उपदेश कसा?" व्याकरणवाल्याने सम् + उप + दिश् अशी फोड करून दाखवली. फोड बरोबर होती, तरी मुलाच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. ऐकणाऱ्याला त्या शब्दात धातू ऐकू येत नाही, उपदेशच ऐकू येतो. शाळेतल्या शिक्षकांनाही तोच ऐकू येई. ते मुलाला हाताला धरून आणत आणि म्हणत, "याला जरा चार शब्द सांगा." चार शब्द न सांगता त्याचे चाळीस ऐकून घ्यायचे, हे त्या प्रशिक्षणाचे निम्मे सार आहे, आणि त्याला मराठीत आज तरी बरा शब्द नाही. 'ऐकणारा' असे म्हटले तर पगार कोण देईल, असे आमच्यापैकी एकीचे म्हणणे पडले.

ऐकणे शिकवता येते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिथे ते शिकवतात. दोन खुर्च्या मांडतात, समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या. एकाने मूल व्हायचे, एकाने ताई व्हायचे, बाकीच्यांनी टिपणे घ्यायची. कोणी कितीदा मध्ये बोलले, कोणी 'का' ने सुरू होणारा प्रश्न विचारला, कोणी मुलाच्या तोंडचे वाक्य स्वतःच पुरे केले, सगळे मोजतात. 'का' टाळायचा कारण मुलाला 'का' म्हणजे झडती वाटते: का आला नाहीस, का मारलेस. 'काय झालं' हे चालते. एका शनिवारी बाईंनी आम्हालाच खुर्चीवर बसवले. आमच्यातल्या एकीने समुपदेशक व्हायचे, आणि तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी झाली सहावीतली, मैत्रिणींनी वाळीत टाकलेली मुलगी. चार मिनिटे झाली. टिपणांत निघाले ते असे: तीन सल्ले, एक बोधकथा, आणि 'मीसुद्धा तुझ्याएवढी असताना' ने सुरू झालेले एक लांब वाक्य. मुलगी झालेली विद्यार्थिनी शेवटी म्हणाली, "मॅडम, मला मध्ये एकदा रडायचं होतं, पण जागाच मिळाली नाही." आम्ही कथा शिकवतो. पात्राला बोलू द्यावे, लेखकाने मध्ये येऊ नये, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत.

चाचण्यांचा भाग याहून कोरडा वाटतो, पण शिकताना मुलांचा जास्तीत जास्त वेळ तोच खातो. बुद्धिमापनाच्या ज्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहेत, त्यांतल्या दोघींचा मराठीशी थेट संबंध आहे, हे आम्हाला या वर्गात कळले. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीचे भारतीय रूप व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर सिद्ध केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४०चे. वेश्लरच्या चाचणीचे भारतीय रूप आर्थर मालिन यांनी १९६०च्या दशकात नागपूरला तयार केले, आणि तेही इंग्रजीसोबत हिंदी-मराठीत. म्हणजे मुलाची बुद्धी कोणत्या भाषेत मोजायची हा प्रश्न इथे पहिल्यापासून होता, आणि तो सोडवण्याचा प्रयत्न करणारी माणसेही इथलीच होती. पण कामतांची मुले १९३०च्या दशकातली. तेव्हाच्या मुलाच्या घरात ज्या वस्तू होत्या त्या आजच्या मुलाने पाहिलेल्याही नसतात, आणि धारवाडची मराठी ती तापीकाठची नव्हे.

आमच्या भागातली बरीच मुले घरी अहिराणी बोलतात. एक प्रशिक्षणार्थी शब्दार्थाची उपचाचणी घेत होता. मुलाने प्रत्येक शब्दाचा अर्थ अहिराणीत सांगितला, आणि मुलगा धुळ्याकडचा असल्यामुळे त्याला तो कळलाही. पण मॅन्युअलमधल्या ग्राह्य उत्तरांत ते शब्द नव्हते. गुण द्यायचे की नाही? यावर कॉन्फरन्समध्ये तासभर चर्चा झाली. आम्ही दोघेही तावातावाने मुलाच्या बाजूने बोललो. बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्या पेपरात देता का?" आम्ही गप्प बसलो. त्यांनी मग जे ठरवले ते आम्हाला आजही पटते: गुण मॅन्युअलप्रमाणेच द्यायचे, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही, पण अहवालात हे उत्तर मुलाच्या शब्दांत जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी नोंदवायचे की अर्थ त्याला ठाऊक आहे. आकडा एकटा बाहेर जाऊ द्यायचा नाही.

'जसेच्या तसे' वरून पुढचे सगळे सुरू झाले. प्रशिक्षणात शब्दशः नोंद नावाचा एक प्रकार असतो. सत्र संपल्यावर लगेच, आठवते तितके संभाषण नाटकाच्या संहितेसारखे लिहून काढायचे. आमचे विद्यार्थी ते इंग्रजीत लिहीत, कारण पुस्तके इंग्रजीत आणि तपासणारे बाह्य परीक्षकही इंग्रजीतच वाचणार. म्हणजे मूल बोलले अहिराणीत, ताईने ऐकले मराठीत, लिहिले इंग्रजीत आणि पालकांना सांगितले पुन्हा मराठीत. एवढ्या प्रवासात काय पोचते? एका नोंदीत चौथीतल्या मुलाबद्दल लिहिले होते की त्याला अभ्यासात रस नाही. आम्ही विचारले, तो नेमके काय म्हणाला? विद्यार्थिनीने वही चाळली आणि वाचले: "शाळामा मन्हा जीव लागत नही." मन लागत नाही, असे तो म्हणाला नव्हता, जीव लागत नाही, असे म्हणाला होता. जीव लागायचा तो माणसात. तो इथे लागत नसेल तर कुठेतरी लागलेला असणार. पुढच्या बुधवारी तिने एवढेच विचारले की जीव कुठे लागलेला असतो. घरी आजी अंथरुणाला खिळलेली होती, आई-वडील दिवसभर कामावर, आणि मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन तिला पाणी पाजून येणे हे त्याचे काम होते. त्यामुळे सगळे सुटले असे नाही. आजी आजारीच राहिली. पण वर्गशिक्षकांना हे कळल्यावर मधल्या सुट्टीनंतर उशीर झाला म्हणून त्याला मिळणारी शिक्षा थांबली. इंग्रजी नोंद राहिली असती तर त्याला अभ्यासाच्या सवयींवरचे सहा तासांचे सत्र मिळाले असते.

या घटनेनंतर नोंदी मुलाच्या बोलीत लिहायच्या असे ठरले. बाह्य परीक्षकांनी कुरकुर केली, ती बाईंनी निस्तरली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्यावर घालवला ते मात्र एकच वाक्य होते. मूल पहिल्यांदा खोलीत येते तेव्हा त्याला सांगायचे असते की तू इथे जे बोलशील ते मी इतरांना सांगणार नाही. पण हे अर्धेच खरे असते. तू स्वतःला किंवा तुला दुसरे कोणी इजा करत असेल तर मला सांगावे लागेल, हेही त्याच वेळी सांगायचे असते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने, माहिती असलेल्या प्रत्येकावरच कळवण्याचे बंधन घातले आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे गुप्ततेचे वचन देताना त्या वचनाला भोक कुठे आहे तेही दाखवायचे, तेही आठ वर्षांच्या मुलाला, आणि तरी त्याने बोलावे अशी इच्छा धरायची.

विद्यार्थ्यांचा मूळ मसुदा होता: 'आपल्यातील संवाद काही अपवाद वगळता गोपनीय राहील.' आम्ही 'गोपनीय' काढून 'गुपित' केले. तर एका विद्यार्थिनीने सांगितले की ज्या मुलांशी वाईट वागले जाते त्यांना आधीच कोणीतरी म्हणालेले असते, हे आपले गुपित. तो शब्द आमच्या तोंडी नको. हे आम्हाला सुचले नव्हते. शब्दकोशात बसून सुचणारही नव्हते. मग 'मी कुणाला सांगणार नाही, पण…' असे करून पाहिले. 'पण' आला की मूल ऐकायचे थांबते, असे दोन शाळांतला अनुभव सांगत होता. वाक्ये उलटी केली. आधी सांगण्याचे, मग न सांगण्याचे. शेवटी जे ठरले ते असे: "तुला कुणी त्रास देत असेल, दुखवत असेल, तर मी एकटी काही करू शकणार नाही. मग मी मोठ्या माणसांची मदत घेईन, आणि घेण्याआधी तुला सांगेन. बाकी सगळं या खोलीतच राहील." तिसरे वाक्य ऐकून एका मुलीने खोलीभर नजर फिरवली म्हणे, सगळे राहील एवढी जागा आहे का ते बघावे तशी. 'घेण्याआधी तुला सांगेन' हे शब्द बाईंनी घातले. आमच्या मते तोच त्या वाक्याचा प्राण आहे. पण त्यांनी ते सौंदर्यासाठी घातले नव्हते.

ताई की बाई, हाही प्रश्न होताच. 'बाई' म्हटले की मूल उठून उभे राहते आणि हाताची घडी घालते. 'ताई' म्हटले की टेबलावरच्या रंगपेट्या स्वतःहून ओढून घेते. मुलग्यांना 'दादा' म्हणावे की 'सर' यावर मात्र आमचे दोघांचे एकमत झालेले नाही. दादा या शब्दाला आमच्याकडे दुसराही वास आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला दोन वर्षे लागली.

शालेय मानसशास्त्राच्या इतिहासाचा पहिला धडा १८९६ सालचा असतो. फिलाडेल्फियात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा एक मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लाइटनर विटमर यांच्याकडे आणला. मुलगा इतर बाबतींत ठीक, फक्त त्याला स्पेलिंग येत नव्हते. मानसशास्त्राला मनाविषयी एवढे ज्ञान असेल तर त्याचा याला काही उपयोग आहे का, अशी तिची विचारणा. विटमर यांना तपासात पहिल्यांदा सापडला तो त्याच्या डोळ्यांचा दोष. चष्मा दिला, पुढे शिकवणी सुरू झाली, आणि यातून त्यांचे क्लिनिक उभे राहिले. धडा ऐकताना आम्ही दोघेही अस्वस्थ झालो. एका सबंध ज्ञानशाखेचा आरंभ शुद्धलेखन न येणाऱ्या मुलापासून झाला होता, आणि शुद्धलेखन न येणारी मुले हाच तर आमचा रोजचा व्यवहार.

अध्ययन अक्षमतेचा घटक आला तेव्हा बाईंनी आम्हालाच शिकवायला सांगितले, कारण पुस्तकातली उदाहरणे सगळी रोमन लिपीची होती. बी आणि डी ची उलटापालट देवनागरीत कशी दाखवणार? आम्ही फळ्यावर लिहीत गेलो आणि लिहिता लिहिता, जी लिपी आम्ही चार दशके वापरली ती जणू पहिल्यांदाच पाहिली. 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो, पण वेलांटी क च्या डावीकडे काढायची. म्हणजे कान पुढे गेला की हाताने मागे यायचे. 'सूर्य' मध्ये र ऐकू येतो य च्या आधी, काढायचा य च्या डोक्यावर. र हे एकच व्यंजन 'पर्व', 'प्रत', 'राष्ट्र', 'तऱ्हा' यांत चार वेष घेते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात एखाद्या गाठीचा किंवा रेषेचा फरक. वाचायला जड जाणाऱ्या मुलाच्या चुका मराठीत इथे शोधायच्या. ह्रस्व-दीर्घात त्या शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण मराठीच्या उच्चारात तो भेद सगळीकडे कानाला नीट ऐकू येत नाही. तो नियमाने ठरतो. 'फूल' दीर्घ आणि 'फुलाला' ह्रस्व, पण 'सूत्र' तत्सम म्हणून 'सूत्राला' दीर्घच. १९६२ साली शासनमान्य झालेले हे नियम एम. ए. झालेल्यांनाही चकवतात. 'फूलाला' लिहिणारा मुलगा तर खरे म्हणजे तर्काने चाललेला असतो. त्याच्या चुकीत नियम आहे, फक्त आपला नाही.

मग कोणती चूक पाहायची? बाई म्हणाल्या, जी स्वतःशीही जुळत नाही ती.

हे ऐकले आणि आमच्यातल्या एकाला एक वही आठवली. ती विभागाच्या कपाटात होती, कारण नापासांच्या अंतर्गत परीक्षेच्या वह्या फेकायच्या नाहीत असा आमच्या विभागाचा जुना नियम. २००९-१० सालचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी. वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. कथेवर चर्चा निघाली की त्याचे म्हणणे सगळ्यांत वेगळे आणि बहुधा बरोबर असायचे. लेखी उत्तर मात्र वाचवत नसे. आम्ही दोघांनीही त्याचे पेपर तपासले होते. दोघांनीही त्याला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितले होते की तू मुद्दाम आळस करतोस. एकाने, म्हणजे व्याकरणवाल्याने, वर्गात त्याचे एक वाक्य फळ्यावर लिहिले होते. नाव न घेता; पण सगळ्यांना कळले. मराठीत तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या वेळी परीक्षेला आला नाही.

वही काढली. बाईंनी आधी एवढेच सांगितले, "नाव झाका." नाववर कागद चिकटवून ती आम्ही कॉन्फरन्सच्या टेबलावर ठेवली. विषय होता एका प्रवासवर्णनाचा. पहिल्या पानावर 'प्रवास' हा शब्द तीनदा आला होता: एकदा 'पर्वास', एकदा 'पवास', एकदा 'प्रावस'. तिन्हींखाली आमची लाल रेघ. रेघा सरळ होत्या, एकाच लांबीच्या. तीन चुका तीन तऱ्हेच्या आहेत हे रेघ ओढणाऱ्याने पाहिले नव्हते. पाठांतरांतल्या एका शब्दाच्या बदलावर आम्ही शोधनिबंध लिहिलेले आहेत. हस्तलिखितात लेखनिकाची चूक सापडली तर त्याचे डोळे कुठल्या ओळीवरून कुठे घसरले असतील याचा माग काढायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला ही सवलत होती. समोर बसलेल्या मुलाला नव्हती.

बाईंनी आम्हाला तिथेच थांबवले, हेही सांगायला हवे. वहीवरून निदान करता येत नाही, आणि गैरहजर माणसाचे तर मुळीच नाही. आधी डोळे, मग कान, शाळेतली हजेरी, घरची बोली, किती शाळा बदलल्या, आणि मग चाचण्या. 'तारे जमीन पर' २००७ साली आला तेव्हापासून लोक एका पानावरून निदान करतात, तुम्ही तरी करू नका. आणि केले असतेत तरी तेव्हा काय दिले असतेत? हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९०च्या दशकातच केली होती. पण १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात या अडचणीचे नावच नव्हते. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आले. २००९ साली आमच्या तालुक्यातून आलेल्या मुलाला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. आम्हाला असायला हवे होते. आमच्यातली एक म्हणते की फळ्यावर वाक्य लिहायला कुठल्याही कायद्याची माहिती लागत नव्हती. दुसऱ्याकडे यावर उत्तर नाही.

फोन करावा की नाही यावर महिना गेला. विद्यार्थ्यांचे मत पडले की स्वतःचे ओझे उतरवायला करत असाल तर करू नका. हे त्यांना आमच्या शेजारच्याच विभागात शिकवले होते, आणि बरोबर शिकवले होते. तरी केला. मुख्यतः त्याच कारणासाठी केला असावा.

तो तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. आवाज लगेच ओळखला, "सर, बोला ना," म्हणाला. आम्ही जे म्हणायचे ठरवले होते त्यातले निम्मे म्हटले, की आमच्याकडून तुझ्या बाबतीत चूक झाली. त्याने ते फारसे धरले नाही. "ते सोडा सर, कधीची गोष्ट," म्हणाला. मग थोडे थांबून, "फळ्यावर लिहिलं होतं ना सर तुम्ही ते, त्याची पोरं दोन वर्षं चेष्टा करत होती." एवढेच. आम्ही यावेळी मध्ये बोललो नाही. दुकानाचे कसे चालते विचारले तर म्हणाला, हिशेब तोंडी येतात, आणि लिहायचे सगळे आता मोबाईलला बोलून सांगतो, तो लिहितो. "आता चुका होत नाहीत सर."

फोन ठेवताना त्याने विचारले की तुमच्याकडे ती शाळेतल्या मुलांचे बघणारी मॅडम आहेत म्हणालात, त्या फी घेतात का. त्याची मुलगी दुसरीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. विरामचिन्हे नव्हती, बोलून लिहवलेला असणार. 'सर मुलीला शनिवारी घेऊन येतो तिला आधी काही सांगायचं का किती वाजता यायचं ते कळवा.' प्रवास, शनिवार, कळवा, सगळे शब्द शोधण्याची आमची सवय लगेच जागी झाली. चूक एकही नव्हती.

तिला आधी काय सांगायचे ते आम्हाला सुचत होते, पण कळवले नाही. पाण्याची टाकी ओलांडून बाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, सकाळी नऊ वाजता, तिची शाळेची वही आणि असेल तर चष्मा घेऊन. आणि वडिलांना म्हणावे, तिला सांगा की परीक्षा नाही.